मांजर आत ठेवायला सगळे विकतात, परत आत घ्यायला कोणी नाही : कुंपणात बसवलेल्या चिपवाल्या कॅट फ्लॅपचा रिव्ह्यू

सुरुवातीलाच सांगून टाकते, हा कॅट फ्लॅप, म्हणजे मांजराला ये-जा करायची छोटी झडप, घराच्या दारात बसवायचा म्हणून विकतात आणि मी तो बागेच्या कुंपणात बसवलाय. त्यामुळे कंपनीवाले म्हणतील बाई तुम्ही वस्तूच चुकीच्या जागी लावलीत, तुमच्या तक्रारी आम्हाला लागू नाहीत. म्हणू देत. दहा महिने झाले, ऊन पाऊस थंडी सगळं बघून झालंय, आता लिहायला हरकत नाही. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, या पद्धतीचे फ्लॅप एकापेक्षा जास्त कंपन्यांचे मिळतात आणि आतलं तंत्र थोड्याफार फरकाने तेच असतं, त्यामुळे मी जे भोगलं ते तुमच्या कामाला येईलच.

आधी हे कशाला घ्यावं लागलं ते सांगते नाहीतर पुढचं काही कळणार नाही.

आमच्याकडे दोन मांजरं. ठमी, वय १३, स्वभावाने मुख्याध्यापिका. आणि बंडू, वय ३, स्वभावाने शाळा बुडवणारा. आधी बागेला बुटकं कुंपण होतं, दोघं वाटेल तेव्हा बाहेर, वाटेल तेव्हा आत. मग रस्त्यावर गाड्या वाढल्या, एकदा बंडू मागचा पाय उचलून तीन पायांवर घरी आला, आणि ठरवलं की आता बाग मांजरांसाठी बंद करायची. लाकडी कुंपण सहा फूट केलं आणि माथ्यावर रोलर बसवले. रोलर म्हणजे आडवा पाइप, स्वतःभोवती गरागरा फिरणारा. उंच कुंपणावरून मांजर एका उडीत पलीकडे जात नाही, ते उडी मारून वरच्या कडेला पुढचे पंजे अडकवतं आणि मागच्या पायांनी रेटा देत अंग वर ओढून घेतं. रोलरवर पंजा टेकला की पाइप फिरतो आणि मांजर आल्या वाटेने खाली. कल्पना झकास आहे आणि काम पण करते.

फक्त रोलरला आतली बाजू कुठली आणि बाहेरची कुठली हे कळत नाही.

हे आमच्या लक्षात यायला एक वादळ यावं लागलं. फाटकाची कडी नीट लागली नव्हती, वाऱ्याने फाटक उघडलं, ठमी काय चाललंय बघायला बाहेर गेली असणार, आणि त्याच वाऱ्याने फाटक मागून धाडकन मिटलं. सकाळी वाट्या भरल्या तर बंडू एकटाच. दोन दिवस शोधलं हो. मी पार मोठ्या रस्त्यापर्यंत जाऊन हाका मारून आले, पोस्टर लावली, येणाऱ्याजाणाऱ्याला मोबाइलमधला फोटो दाखवला, आणि बाई होत्या कुठे, तर आमच्याच कुंपणाच्या बाहेरच्या अंगाला, फुटक्या कुंड्यांच्या ढिगामागे, स्वयंपाकघराच्या दारापासून मोजून बावीस पावलांवर. तिसऱ्या रात्री टॉर्च मारला तेव्हा दोन हिरवे दिवे चमकले. मी त्या ढिगाजवळून निदान दहा वेळा हाका मारत गेले असेन. घाबरलेलं मांजर ओळखीच्या हाकेला पण ओ देत नाही, गप्प दबून बसतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

तिला उचलून घेतल्यावर सहज टॉर्च कुंपणावर गेला. बाहेरच्या फळ्यांवर नखांचे ओरखडे, खालपासून वरपर्यंत, एकाच जागी, एकावर एक. म्हणजे ती घरी यायचा प्रयत्न करत होती आणि आम्हीच हौसेने बसवलेला रोलर तिला दर वेळी खाली टाकत होता. मला त्या रात्री झोप लागली नाही.

नंतर वाचत बसले तेव्हा कळलं की यात आमची ठमी काही वेगळी नव्हती. २०१८ साली १,२१० हरवलेल्या मांजरांचा एक अभ्यास छापून आलाय, त्यात सापडलेल्यांपैकी ७५ टक्के मांजरं निसटलेल्या जागेपासून ५०० मीटरच्या आतच मिळाली. आणि २०२० साली सहा देशांतल्या ९२५ पाळीव मांजरांच्या गळ्यात जीपीएस बांधून बघितलं तर बहुतेक सगळी घरापासून १०० मीटरच्या आतबाहेरच घुटमळत होती. मांजर लांब जातच नाही फारसं. ते जवळच असतं, आत यायला वाट शोधत, आणि आपण वाटच ठेवलेली नसते. कुंपणाची जाळी विकणारे, रोलर विकणारे, आतल्या बाजूला वाकलेले ब्रॅकेट विकणारे, सगळ्यांच्या जाहिरातीत मांजर बाहेर जात नाही एवढंच असतं. गेलंच तर काय, याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही.

पहिला उपाय दादाने फुकटात केला. बाहेरून एक रुंद फळी तिरकी लावली, पाय घसरू नयेत म्हणून सुतळी गुंडाळली, वर रोलरच्या पुढे येणारा छोटासा कट्टा, तिथून आत उडी मारायची. आतून चढायला काहीच नाही, म्हणजे वाट एकेरी झाली. दादा खूश. मी पण खूश. चारच दिवस.

एक तर ठमी. वर चढली, कट्ट्यावर बसली आणि खाली बघत बसली. सहा फूट उडी तेरा वर्षांच्या मांजराला मारायला लावणं हेच मुळात चूक होतं. २००२ साली बारा वर्षांवरच्या शंभर मांजरांचे एक्सरे तपासले होते त्यात नव्वदांच्या सांध्यांत झीज निघाली, आणि मांजर लंगडत नाही, ओरडत नाही, नुसतं उड्या मारायचं कमी करतं, त्यामुळे घरच्यांना वाटतं म्हातारं झालं, आळशी झालं. आमच्या डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा मला आठवलं की ठमी कपाटावर चढायची बंद होऊन दोन वर्षं झालीत.

आणि दुसरं म्हणजे फळीवर नाव थोडंच लिहिलेलं असतं. पाचव्या रात्री तीनच्या सुमाराला बागेत युद्ध सुरू झालं. जाऊन बघते तर एक दांडगा पिवळा बोका, गळ्यात पट्टा नाही काही नाही, फळीवरून आत आलेला, आणि आता त्याला बाहेर जाता येत नव्हतं कारण रोलर त्याच्यासाठी पण रोलरच. तो कुंपणावर उड्या मारतोय, पडतोय, परत उडी मारतोय, बंडू शेपटीची बाटलीधुणी करून टाकीखाली, ठमी खिडकीतून हेडमास्तरीण नजरेने बघतेय. फाटक सताड उघडून मी बाजूला उभी राहिले तरी तासभर गेला नाही. जाताना झोपाळ्याची गादी, कुंड्या, चपलांचा स्टँड, सगळ्यावर सही करून गेला. तो वास घालवायला जे काय केलं तो वेगळा रिव्ह्यू होईल. सकाळी फळी काढली.

तर तेव्हा पक्कं झालं की आपल्याला काय पाहिजे. वाट जमिनीलगत पाहिजे, म्हातारीला जमेल अशी. बाहेरून आत उघडणारी, आतून बाहेर नाही. आणि फक्त आपल्या दोघांसाठी.

साधा चार खटक्यांचा फ्लॅप मिळतो, नुसतं आत, नुसतं बाहेर, दोन्हीकडे आणि बंद, त्याला सेलबिल काही लागत नाही आणि बरीच वर्षं चालतो, पण तो 'नुसतं आत' वर ठेवला तर पिवळा बोका पण नुसतं आत. लोहचुंबकवाला मिळतो, मांजराच्या पट्ट्याला छोटं चुंबक लटकवायचं आणि ते जवळ आलं की कडी सुटते. पण मांजराला पट्टा घालायचा तर ताण बसला की आपोआप सुटणाराच घालावा, नाहीतर फांदीत अडकून जीव जाऊ शकतो, आणि सुटणारा पट्टा नेमका त्याच दिवशी सुटणार ज्या दिवशी मांजर बाहेर झाडाझुडपांत फिरतंय. म्हणजे किल्ली झुडपात आणि मांजर दाराबाहेर. शिवाय चुंबकाला खिळे स्क्रू चिकटतात ते वेगळंच. मग उरला चिपवाला.

चिपबद्दल एक गैरसमज मला इतक्या जणांकडून ऐकायला मिळाला की इथे लिहूनच टाकते : ती जीपीएस नाही. मांजर कुठे आहे हे चिप सांगत नाही. खांद्यांच्या मध्ये कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी नळी असते, तिला बॅटरीच नसते, वाचणारं यंत्र अगदी जवळ आलं की त्याच्या लहरींवर ती जागी होते आणि आपला नंबर सांगते, संपलं. हल्लीच्या चिपा १५ आकडी असतात, आयएसओ ११७८४ आणि ११७८५ नावाच्या मानकांप्रमाणे, १३४.२ किलोहर्ट्झवर चालणाऱ्या. जुन्या ९ किंवा १० आकडी पण असतात. फ्लॅप घ्यायच्या आधी डॉक्टरांकडून दोघांची चिप स्कॅन करून घ्या, आहे का, वाचता येते का, कुठल्या जातीची आहे. ठमीची बसवल्यापासून कोणी स्कॅनच केली नव्हती आणि ती खांद्याच्या बाजूला थोडी खाली सरकलेली निघाली, हे पुढे महत्त्वाचं आहे. आणि हो, चिपेच्या नोंदणीत तिच्या नावापुढे माझा जुना मोबाइल नंबर होता. जो बंद होऊन पाच वर्षं झाली. म्हणजे त्या दोन दिवसांत कोणी तिला डॉक्टरकडे नेलं असतं तरी फोन मला आला नसता.

आता वस्तू. खोका उघडला की दिसायला ठीक आहे, पांढरं प्लास्टिक, मधे पारदर्शक झडप, तोंड साधारण १४ सेंटिमीटर रुंद आणि १२ उंच. बंडू चांगला भरलेला गडी आहे तरी आरामात जातो, मांजराचं गळपट्टीचं हाड बाकीच्या हाडांना घट्ट जोडलेलं नसतं त्यामुळे डोकं गेलं की बाकीचं अंग मागून येतंच. झडपेच्या आधी छोटा बोगदा आहे, त्यात डोकं घातलं की सेन्सरला कळतं कोणीतरी आलंय, मग यंत्र चिप वाचतं, नंबर ओळखीचा असेल तर टक् आवाज होऊन कडी सुटते. हे सगळं व्हायला एक सेकंद पण लागत नाही. आणि शिवाय हाताने लावायचा खटका आहे, तो 'नुसतं आत' वर ठेवला की आपली मांजरं सुद्धा बाहेर जाऊ शकत नाहीत. मला हवं होतं ते नेमकं हेच, आणि हे काम तो चोख करतो, याबद्दल पूर्ण मार्क.

बसवण्याचं मात्र पुराण झालं.

मला वाटलं फाटक सगळ्यात सोयीचं. आमचं फाटक लोखंडी पत्र्याचं. फॅब्रिकेशनवाल्याकडून चौकोन कापून घेतला, फ्लॅप बसवला, बंडूला बाहेर सोडून इकडून वाटी वाजवली. बंडू आला, डोकं घातलं, काही नाही. परत घातलं, काही नाही. मग त्याने माझ्याकडे त्या पारदर्शक झडपेतून असं काही बघितलं की मलाच ओशाळल्यासारखं झालं. सेल बदलून बघितले, चिप परत स्कॅन करून आणली, शेवटी माहितीपुस्तकाच्या मागच्या पानावर बारीक अक्षरात सापडलं की धातूच्या दारात बसवल्यास चिप वाचण्याचं अंतर कमी होऊ शकतं. कमी होऊ शकतं! आमच्याकडे ते शून्य झालं होतं. अरे हे खोक्यावर मोठ्या अक्षरात छापा की. फाटकाला पडलेल्या भोकावर आता पत्र्याचा तुकडा मारलाय, येणारा प्रत्येक जण विचारतो हे काय झालं.

मग दादाने कुंपणाच्या कोपऱ्यातल्या दोन फळ्या काढून तिथे जाड प्लायवूडचा पॅनल बसवला आणि त्यात फ्लॅप. पहिल्या प्रयत्नात चिप वाचली. झडपेची खालची कड मांजराच्या पोटाच्या उंचीला पाहिजे, साधारण १५ सेंटिमीटर, म्हणजे पाय उचलून सहज पलीकडे टाकता येतो. आतून तशी ठेवली पण बाहेरची जमीन आतल्यापेक्षा एक वीतभर खाली आहे, मग बाहेरून ती कड ठमीच्या गळ्याशी यायला लागली, म्हणून बाहेर विटांची एक पायरी केली. हे आधी मोजून बघा. आणि पायरी फ्लॅपपेक्षा रुंद करा, मांजराला दारासमोर थांबून विचार करायला जागा लागते, अरुंद पायरीवर ते विचार न करताच निघून जातं.

ठमीची सरकलेली चिप मी वर म्हणाले ना, तिचं असं झालं की ती दबकत, मान खाली घालून बोगद्यात शिरायची आणि पाच वेळा आली तर तीन वेळा वाचायचं. उपाय म्हणून कंपनी वेगळी बोगद्याची जोडनळी विकते. आम्ही ती न घेता पायरी अजून एका विटेने उंच केली, त्यामुळे ती आता सरळ मानेने आत येते, आणि तेव्हापासून एकदाही चुकलं नाही. हा दादाचा शोध, त्याला श्रेय.

आता मुख्य तक्रार. हा फ्लॅप घराच्या दारासाठी बनवलाय, म्हणजे त्याची बाहेरची बाजू पावसाला तयार आहे पण आतली बाजू कोरडीच असणार असं धरून चाललेत, आणि सेलचा कप्पा, बटण, दिवा सगळं आतल्या बाजूला. कुंपणात बसवला की आतली बाजू पण उघड्यावर. पहिल्याच मोठ्या पावसात सेलच्या कप्प्यात पाणी गेलं आणि पत्तीला हिरवा गंज. ग्राहकसेवेला विचारलं तर उत्तर आलं की बाहेर बसवलेल्या वस्तूला गॅरंटी नाही. नियमाने बरोबर असेल, पण बागेत मांजर पळणाऱ्या गिऱ्हाइकाचा विचार यांच्यापैकी कोणीच कसा केला नसेल हे मला कळत नाही. मग दोन्ही बाजूंनी वीतभर पुढे येणारं पत्र्याचं तिरकं छप्पर केलं (पत्रा फ्लॅपपासून चांगला वर ठेवलाय, फाटकाचा धडा विसरले नव्हते), कप्प्याच्या फटीवर टेप आणि पॅनलभोवती सिलिकॉन. तेव्हापासून कोरडं आहे.

यात अजून एक मेख आहे आणि ती जास्त गंभीर आहे. सेल संपले की आमचा फ्लॅप बाहेरून बंदच राहतो. सेल संपत आल्याचा लाल दिवा लुकलुकतो, पण तो कुठे, बागेच्या कोपऱ्यात गुडघ्याच्या खाली, कढीपत्त्याच्या झाडामागे. कोण बघतंय? डबल ए साइजचे चार सेल लागतात, सहा महिने ते वर्षभर चालतात असं लिहिलंय, आमचे पहिले सात आठवड्यांत संपले. कारण वेल. बाजूची वेल वाढून तिचं एक पान बोगद्यात लोंबत होतं, वारा आला की ते हलायचं, सेन्सरला वाटायचं मांजर आलं, यंत्र जागं होऊन चिप शोधायचं, रात्रभर हा उद्योग. आता वेल छाटली, दर रविवारी बोगदा ओल्या फडक्याने पुसते, कोळ्याचं जाळं असेल तर काढते. चार्जिंगचे सेल घालू नका, ते १.२ व्होल्टचे असतात आणि साधे अल्कलाइन १.५ चे, त्यामुळे ते फ्लॅपला पहिल्या दिवसापासून उतरल्यासारखेच वाटतात. मी आता दर चार महिन्यांनी दिवा न बघता सेल बदलते, काढलेले भिंतीवरच्या घड्याळात वापरते, वाया जात नाहीत.

नोंदणीचा किस्सा सांगायचाच राहिला. फ्लॅपला मांजर ओळखायला शिकवायचं तर बटण दाबायचं आणि मग मांजराला एकदा त्यातून जाऊ द्यायचं, जो नंबर पहिला वाचला तो कायमचा लक्षात. मी बटण दाबलं आणि ठमीला आणायला घरात गेले, ती सोफ्याखाली, तिला काढेपर्यंत पाच मिनिटं गेली असतील. बाहेर येऊन तिला झडपेशी धरलं, काहीच होईना. परत बटण दाबून केलं, झालं. मला वाटलं पहिल्यांदा दाबलं गेलं नसेल. पुढचे पंधरा दिवस शेजारच्या काकूंचा मन्या रोज सकाळी आमच्या बागेत, बंडूच्या वाटीशी. मी म्हणतेय हा येतो कुठून, रोलर तपासले, खालची फट बुजवली, शेवटी एकदा पहाटे लपून बसले तर मन्या ऐटीत आला, टक्, आत. काकूंनी त्याला चिप बसवलेली आहे! त्या पाच मिनिटांत तो उत्सुकतेने डोकावला होता आणि यंत्राने त्याला घरचा माणूस म्हणून लिहून घेतलं. एकट्याचं नाव काढायची सोय आमच्या मॉडेलमध्ये नाही, बटण दहा सेकंद दाबून सगळ्यांचीच पाटी कोरी करावी लागली. काकू म्हणाल्या, "अगं राहू दे गं, त्याला आवडतं तुमच्याकडे." पण काकू, तो आत येतो आणि मग दुपारपर्यंत अडकतो, तुम्हीच नव्हता का शोधत परवा?

म्हणून बटण दाबायच्या आधी मांजर काखेत पाहिजे.

शिकवण्याबद्दल. कंपनीच्या व्हिडिओत मांजर एका दिवसात शिकतं. बंडू खरंच एका दिवसात शिकला. ठमीला सव्वातीन आठवडे लागले आणि त्यातला एक आठवडा ती फक्त रागावलेली होती. आम्ही काय केलं, तर आधी झडप टेपने पूर्ण वर चिकटवून ठेवली, नुसतं भोक, त्यातून खाऊ घेऊन यायचं. तीन चार दिवसांनी अर्धी खाली, मग पूर्ण खाली पण सेल काढून आणि कडी मोकळी ठेवून, कारण तिला खरी भीती त्या टक् आवाजाची होती. सगळ्यात शेवटी आवाज. ढकलून घालायचं नाही, एकदा मी घाईत तिचं बूड ढकललं तर चार दिवस त्या कोपऱ्यात फिरकली नाही. आणि हे सगळं बाहेरून आत असंच शिकवायचं, म्हणजे एकाने मांजर घेऊन बाहेर बसायचं आणि दुसऱ्याने आत वाटी वाजवायची. संध्याकाळी जेवणाच्या वेळेआधी करा, मांजरं तशीही पहाटे आणि तिन्हीसांजेला जास्त तरतरीत असतात, आणि पोट रिकामं असलं की तत्त्वं थोडी लवचीक होतात.

एक गोष्ट कुठल्याच पुस्तकात नव्हती पण सगळ्यात उपयोगी पडली. फ्लॅपच्या बाहेर दोन मोठ्या कुंड्या तिरक्या ठेवल्यात. आधी तिथे मोकळं होतं, ठमी पायरीपर्यंत यायची आणि मागे वळून वळून बघायची, पाठ उघडी टाकून भोकात डोकं घालायला मांजराला आवडत नाही, कारण पिवळा बोका नेमका तिथेच दबा धरून बसायचा. कुंड्या ठेवल्यावर ती आडोशाला थांबते, अंदाज घेते आणि मग शिरते. आतल्या बाजूला पण झडपेच्या अगदी समोर काही ठेवू नका, आत उतरल्यावर दोन्हीकडे पळता आलं पाहिजे.

पिवळा बोका, विचाराल तर, अजून येतो. डोकं घालतो, थांबतो, टक् होत नाही, मग पंज्याने झडपेला एक देतो आणि जातो. मला आता त्याची थोडी दया येते. त्याला पकडून नसबंदी करून घ्यायचं चाललंय, त्याने त्याचं भटकणं मारामाऱ्या कमी होतील असं डॉक्टर म्हणतात.

कडीबद्दल एक छोटी तक्रार. ठमी आत आली की झडप दोनतीन वेळा हेलकावते आणि कडी परत पडायला क्षणभर लागतो. तेवढ्यात बंडूने दोनदा झडप नखाने स्वतःकडे ओढून बाहेर पोबारा केलाय. अर्थात तो गेला तरी आता त्याच वाटेने परत येतो. तसाही तो आठवड्यातून दोनदा तरी कुठून ना कुठून निसटतोच, एकदा शेडच्या छपरावरून, एकदा झाडाच्या फांदीवरून, फांदी छाटली तर त्याने दुसरी शोधली. आधी प्रत्येक वेळी आमचं अर्धं घर टॉर्च घेऊन बाहेर. आता मी अंथरुणात असते आणि पहाटे कधीतरी लांबून टक् ऐकू येतं.

घ्यावा का? तुमचं मांजर मुळात बाहेर जात नसेल, रोलर नसतील, कुंपण चढून येण्यासारखं असेल तर काही गरज नाही, एखादी फळी पुरेल. रोलर किंवा वाकवलेली जाळी लावणार असाल तर फ्लॅप त्याच दिवशी लावा, आमच्यासारखं मांजर हरवायची वाट बघू नका. मांजराला चिप नसेल तर आधी चिप. पूर्ण लोखंडी कुंपण असेल तर लाकडाचा किंवा प्लायचा चांगला मोठा पॅनल बसवता येतोय का बघा, नाहीतर पैसे पाण्यात. विटांच्या जाड भिंतीत बसवणार असाल तर जोडनळ्या मोजून मागवा आणि कामाला माणूस लागेल हे धरून चाला. मोबाइल ॲपवालं मॉडेल पण आहे, कोण कधी आत आलं आणि सेल किती उरलेत ते फोनवर दिसतं. कुंपणासाठी तेच घ्यायला हवं होतं असं आता वाटतं, निदान त्या कढीपत्त्यामागच्या दिव्यासाठी तरी, पण तो फ्लॅप थेट नाही तर मधल्या एका डबीमार्फत घरातल्या इंटरनेटला जोडला जातो, ती डबी कुठे ठेवायची ते आधी बघून घ्या.

पाचपैकी साडेतीन. कडी, चिप वाचणं, टिकाऊपणा यासाठी साडेचार देणार होते, एक मार्क पावसासाठी कापला. माहितीपुस्तकाला मी मार्कच दिलेले नाहीत.

ठमी वादळानंतर स्वतःहून एकदाच बाहेर गेली, गेल्या महिन्यात, फाटक परत मीच उघडं ठेवलं होतं. मी चपला शोधतेय, आई देवाचं नाव घेतेय, तेवढ्यात कोपऱ्यातून टक् झालं आणि बाई पायरीवरून आत उतरल्या, अंग झटकलं, आणि झडपेसमोरच बसलेल्या बंडूच्या डोक्यात एक सणसणीत ठेवून दिली. त्याने काहीच केलं नव्हतं.